कारभारींच्या धुतलेल्या ट्यूब

माझा आवाज मोठा आहे. प्रयोगशाळेत बोलले तर कॉरिडॉरच्या त्या टोकाला ग्रंथालयात ऐकू जातं, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता. बायोकेमिस्ट्री शिकवायची, समोर पन्नास पोरं, त्यातली वीस खिडकीबाहेर बघणारी. तिथे मऊ बोलून कुणाचं भलं होत नाही असं माझं ठाम मत. विभागप्रमुख झाल्यावर ते मत आणखी पक्कं झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहायचंय कारभारींबद्दल, पण त्यात मला माझी जागा टाळता येणार नाही.

कारभारी रावजी घुगे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. कॉलेजात शिपाई-परिचरांना सगळेच मामा म्हणतात, तसे तेही पोरांचे कारभारीमामा. मी मात्र पहिल्या दिवसापासून ‘अहो कारभारी’ अशी हाक मारत आले. गावाकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, त्यामुळे दर वर्षी नवी आलेली मुलं ही हाक ऐकून खाली मान घालून हसतात. कारभारींना त्याचं काही नाही. ते ‘आलो मॅडम’ म्हणून येतात.

सिन्नरच्या पलीकडे त्यांचं गाव. सकाळची पहिली एसटी, ती हुकली तर काळीपिवळी, पण नवाच्या आत हजर. आल्या आल्या डोक्यावरची टोपी काढून खिशात घालायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या आणि मोरीपाशी उभं राहायचं. सोळा-सतरा वर्षं मी हे बघतेय. काचेचं भांडं त्यांच्या हातातून फुटल्याचं मला आठवत नाही. एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली होती. त्यातल्या एका बाईंनी आमचे फ्लास्क उजेडात धरून फिरवून बघितले आणि विचारलं, ‘नवे घेतले का?’ मी छाती फुगवून सांगितलं, ‘अकरा वर्षं जुने आहेत. हात असावा तर असा!’ कारभारी दारात उभे होते. त्यांनी नुसती टोपी खिशातून काढून पुन्हा खिशात घातली.

हा हात त्यांनी कमावला होता तो वाल्मीकशेठच्या मंडप केंद्रात. लग्नाची भांडी भाड्याने देणारं दुकान. पातेली, पराती, ओगराळी, पाण्याचे जग, आणि ताटं-वाट्या तर शेकड्यांनी. अठरा वर्षं कारभारी तिथे भांडी धूत होते. लग्नसराईत एका गावाहून ट्रॅक्टर भरून खरकटी भांडी यायची आणि उजाडायच्या आत दुसऱ्या गावाला निघायची. वाल्मीकशेठचा नियम एकच होता, की कालच्या लग्नाचा वास आजच्या लग्नाला लागता कामा नये. कारभारींनी तो नियम बरोबर घेऊन आमच्याकडे नोकरी धरली. ‘भांडं धुतलं की मागला पाव्हना संपला,’ असं ते म्हणायचे. टाकून द्यायचं असतं ते उष्टं, भांडं नव्हे, ही त्यांची समजूत. मला ती फार आवडायची.

आवडायची म्हणूनच दोन हजार अकरा साली मी तिचा फायदा घेतला. त्या वर्षी आमचं अनुदान अडकलं होतं. आमच्या कामात करंगळीच्या पेराएवढ्या, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ट्यूब लागतात. त्या एकदा वापरून फेकायच्या असतात. पण फेकायच्या तर नव्या आणायच्या कुठून? मी कारभारींना बोलावलं आणि सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल असं बजावलं, ‘आजपासून एकही ट्यूब फेकायची नाही. धुऊन, वाळवून परत डब्यात. जो फेकेल त्याला मी फेकेन!’ पोरं हसली. कारभारी हसले नाहीत, त्यांनी मान डोलावली. पुढे अनुदान सुटलं, नव्या ट्यूबचे पुडे यायला लागले, पावत्यांवर सह्या मीच केल्या आणि तो हुकूम माझ्या डोक्यातून निघून गेला.

आता चैताली खैरनार. ही सटाण्याकडची मुलगी, माझ्याकडे पीएच.डी.ला. अंगाने किरकोळ, बोलायला कमी, कामाला चिवट. तिचा विषय कायनेज नावाच्या एन्झाइमवरचा. आपल्या पेशीत प्रथिनं असतात, त्यांतल्या कित्येकांना ‘आता कामाला लाग’ हा इशारा फॉस्फेटच्या रूपाने मिळतो. तो फॉस्फेट प्रथिनाच्या ठराविक जागी नेऊन चिकटवण्याचं काम कायनेज करतं. कायनेज ताळ्यावर असेल तोवर सगळं सुरळीत. ते बेताल झालं की पेशी थांबायचं विसरतात, आणि मग कर्करोगासारखी दुखणी मागे लागू शकतात. म्हणून त्याला आवर घालणारे पदार्थ जगभर शोधतात. चैतालीने अठरा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड, कागदावर आखून बनवून घेतली होती. ती कायनेजला रोखते का, आणि किती, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं.

कारभारींना प्रत्येकाच्या कामाची चौकशी करायची सवय. ज्याची भांडी धुवायची त्याच्या घरचं कार्य काय आहे हे ठाऊक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी चैताली त्यांना समजावत होती आणि मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून उत्तरपत्रिका तपासत होते.

‘म्हंजे मांडवाच्या दारात गंध लावनारा उभा असतो, तसं का?’ कारभारींनी विचारलं.

‘हो मामा, अगदी तसंच. कायनेज म्हणजे तो गंध लावणारा. येणाऱ्या पाहुण्याच्या कपाळाला गंध लावायचं, की पाहुणा आत जाऊन कामाला लागतो.’

‘आन तुजं पेप्टाइड?’

‘तोही पाहुणाच. चेहरामोहरा अगदी वऱ्हाडातला. गंध लावणाऱ्याला वाटतं आपलाच माणूस आहे. पण ज्या जागी गंध लागायचं ती जागाच त्याला नाही. मी तिथे सेरीन या अमिनो आम्लाच्या ऐवजी ॲलनिन बसवलंय, त्याला फॉस्फेट चिकटतच नाही.’

कारभारींनी हातातला ब्रश खाली ठेवला. ‘फेटा पार भुवयांपर्यंत वढून आलेला गडी! कपाळच घावत नाय. दारात उभा ऱ्हातो, हालत नाय, मागं सगळं वऱ्हाड खोळंबलेलं.’

‘बरोब्बर!’

‘पन वऱ्हाड लयच मोठं असलं, तर ते त्याला खांद्यानं बाजूला लोटंल की.’

चैताली त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, ‘मामा, हे शोधायला आम्हाला वेगळा प्रयोग करावा लागतो. पाहुण्यांची संख्या दहापट करायची. रोखणारा या प्रकारचा असेल तर एन्झाइमचं काम परत सुरू होतं.’

मला आत बसून हसू आलं. वर्गात हेच शिकवायला मला दोन तास आणि चार आकृत्या लागतात. पण ‘गप्पा पुरे, काम करा,’ असं मी आतून ओरडले. तशी सवयच होती.

पेप्टाइड हाती आल्यावर पहिले चार महिने चैतालीचे आकडे सुरेख आले. पेप्टाइड घातलेल्या ट्यूबमध्ये कायनेजचं काम घटत होतं, आणि जिच्यात पेप्टाइड नाही त्या कोऱ्या ट्यूबमध्ये ते पूर्ण, म्हणजे शंभर, येत होतं. सगळी तुलना या कोऱ्या ट्यूबशी करायची असते. दिवाळीनंतर ती कोरी ट्यूबच खाली यायला लागली. एक दिवस ऐंशी, एक दिवस पंचावन्न, एक दिवस चाळीस. पेप्टाइड घाला नाहीतर घालू नका, एन्झाइम आपलं मरगळलेलंच. आम्ही एन्झाइम नवं मागवलं. पाणी बदललं. सगळी द्रावणं नव्याने केली. आकडा कधी बरा, कधी वाईट, काही ताळमेळ लागेना.

अशा वेळी संशय कुणावर घ्यायचा? वस्तू सगळ्या बदलून झाल्या होत्या, राहिला माणूस. जानेवारी संपता संपता, गुरुवारच्या आमच्या बैठकीत, नऊ मुलांसमोर मी चैतालीला उभं केलं. ‘एन्झाइम नवं, पाणी नवं. जुना फक्त तुझा हात आहे,’ मी म्हणाले. ‘तुझ्या हातालाच स्वच्छता नाही. मार्चअखेर कोरी ट्यूब शंभरावर आली नाही, तर हा विषय मी हर्षलला देईन. तू दुसरं काहीतरी बघ.’

हर्षल तिच्या मागून दोन वर्षांनी आलेला. बिचारा मान वर करेना. चैतालीची चार वर्षं त्या एका विषयात गेली होती, विद्यापीठाने दिलेली मुदत पुढच्या वर्षी संपत होती. नवा विषय घेणं म्हणजे पदवीवर पाणी सोडणंच, हे मला माहीत होतं आणि तिलाही. ती ‘हो मॅडम’ एवढंच म्हणाली. कारभारी चहाचे कप वाटत होते. तिच्यापुढे कप ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही.

फेब्रुवारीत एम.एस्सी.च्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. ट्रे मांडायला कारभारी होतेच. मी मुलांना सांगत होते की पेप्टाइडचं द्रावण फार दिवस प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, बरीचशी पेप्टाइडं चिकट असतात, भिंतीला धरून बसतात. तास संपला, मुलं गेली. कारभारी ट्रे उचलायचं सोडून तिथेच उभे.

‘मॅडम, हे म्हंजे हळदीसारखं का?’

‘कसली हळद?’

‘लग्नातली. आदी आमी हळदीला प्लॅस्टिकच्या वाट्या देत व्हतो. स्टीलचं ताट एका हातात निगतं. पन प्लॅस्टिकची वाटी धा येळा घासली तरी पिवळीच. शेवटी वाल्मीकशेठनी त्या वाट्या बंद केल्या.’

‘हो, तसंच म्हणा. फक्त हळद डोळ्यांना दिसते, हे दिसत नाही.’

‘आन धुतलं तर?’

‘साध्या पाण्याने, साबणाने सगळं जात नाही. उलट आमच्या प्रयोगाच्या द्रावणात असे पदार्थ असतात की त्यात ते हळूहळू सुटून येतं.’

‘थोडंसंच ऱ्हात असंल पन.’

‘अहो, चांगलं पेप्टाइड असेल तर थोडंसंच पुरतं. विहिरीत चिमूटभर टाकावं, एवढ्याने एन्झाइम जाग्यावर बसतं.’

मला प्राचार्यांकडे जायचं होतं, मी निघाले. कारभारी ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या घरून कुसाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला की बरं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी घेतलेल्या रजा मी बोटांवर मोजून दाखवीन, म्हणून मला जरा काळजीच वाटली.

सोमवारी ते आले. टोपी हातात होती. माझ्या खोलीत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं, असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

‘मॅडम, चैतालीताईचं एन्झाइम माझ्या हातनं मरतंय.’

मला काही कळेना. ते मला भांडाराच्या खोलीत घेऊन गेले आणि लोखंडी कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत ट्यूबचे पुडे होते. बंद पुडे, शिक्कासुद्धा न फोडलेले. दोन हजार सोळापासून मी सह्या करून आणवलेले, झाडून सगळे.

‘अडीअडचनीला ठिवलेत,’ कारभारी म्हणाले. ‘रोज टेबलावर ठिवतो त्या धुतलेल्याच. साबनाचं पानी, मग नळाचं, मग तीनदा डिस्टिलचं, मग वव्हनमधी पालथ्या. पोरांना नव्याच वाटतात. सगळ्यांच्या एकत्र धुतो मॅडम. ताईच्या पेप्टाइडच्या बी त्यातच. आज ज्या ट्यूबमधी पेप्टाइड, ती उद्या कोरी म्हनून तिच्याच हातात.’

सगळं एकदम समजलं. सुरुवातीला आकडे चांगले का होते, हळूहळू का बिघडत गेले, कधी बरे कधी वाईट का येत होते. जसजशा तिच्या ट्यूब फिरत गेल्या तसतसं पेप्टाइड सगळीकडे पसरत गेलं. ज्या पेप्टाइडच्या प्रयोगापायी मी तिला धारेवर धरलं, ते इतकं चालत होतं की धुतलेल्या ट्यूबच्या भिंतीवरूनसुद्धा कायनेजला हलू देत नव्हतं.

आणि मला काय सुचलं? मी ओरडले. ‘कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?’

कारभारींनी खाली बघितलं. ‘माझ्या मनानंच केलं.’

ते कपाटाच्या उघड्या दाराला टेकून उभे होते. त्या दाराच्या आतल्या बाजूला, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर, एक कागद चिकटवलेला होता. चिकटपट्टी तपकिरी पडली होती. ‘ट्यूब फेकू नये. धुऊन, वाळवून परत ठेवणे. हयगय चालणार नाही.’ खाली सही, तारीख, सन दोन हजार अकरा. अक्षर माझं होतं. तो कागद रोज बघणारा माणूस मला सांगत होता की मी माझ्या मनाने केलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी स्टुलावर बसले. मग विचारलं, ‘मला का सांगितलंत? नवे पुडे काढून टेबलावर ठेवले असते तर आकडे आपोआप सुधारले असते. कुणाला कळलंही नसतं.’

‘तेच आलं व्हतं मनात. दोन दिस तेच घोळलं. कुसाबाई बी म्हनली, गप ऱ्हावा, एप्रिल तोंडावर आलाय.’ कारभारींची नेमणूक कंत्राटी. दर एप्रिलला त्यांचा कागद नव्याने निघतो आणि त्यावर विभागप्रमुखाचा, म्हणजे माझा, शेरा लागतो. ‘पन मॅडम, गुपचूप केलं असतं तर ट्यूब सुदरल्या असत्या, ताईचा हात घानच ऱ्हायला असता. तुमी म्हनला असता, आता कुठं हिचा हात सोच्छ झाला.’

खरंच मी असंच म्हणाले असते. शब्दसुद्धा बहुतेक हेच वापरले असते.

चैताली त्या आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नाला सटाण्याला गेली होती. मी त्याच दिवशी हर्षलला घेऊन स्वतः प्रयोग लावला. धुतलेल्या ट्यूब एका बाजूला, नव्या पुड्यातल्या दुसऱ्या बाजूला, पेप्टाइड कशातच नाही. धुतलेल्या ट्यूबचा आकडा आला अडतीस. नव्यांचा नव्याण्णव. मग धुतलेल्यांत पाहुण्यांची संख्या, म्हणजे कायनेजने ज्यावर काम करायचं ते प्रथिन, दहापट केलं. आकडा अडतीसवरून शहाऐंशीवर गेला. फेटेवाला वऱ्हाडाने बाजूला लोटला होता. एन्झाइम मेलेलं नव्हतं, नुसतं अडलेलं होतं. हर्षल टाळी वाजवायला निघाला आणि माझ्याकडे बघून थांबला.

कारभारी दाराशी उभे राहून हे सगळं बघत होते. मी त्यांना आकडे सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी सुटल्याचंही दिसलं आणि काहीतरी गेल्याचंही. भांडं धुतलं की मागला पाव्हना संपला, यावर त्यांनी उभा जन्म काढला होता आणि इथे तो पाहुणा संपत नव्हता. त्यांनी धुतलेल्या ट्यूबचे डबे एकेक करून कचऱ्याच्या लाल पिशवीत रिकामे केले. मी मदतीला गेले तर म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या मॅडम, मी करतो.’ मग पिशवीचं तोंड बांधून म्हणाले, ‘एक मागायचंय.’

‘शेऱ्याची काळजी करू नका,’ मी म्हणाले.

‘शेऱ्याचं नाय. तुमाला काय लिवायचं ते लिवा. चैतालीताईला ज्या जागी बोलला, त्याच जागी, त्याच मानसांसमोर माघारी घ्या. आमच्या गावात पारावर काढलेला शब्द पारावरच परत घ्यावा लागतो. घरी बोलवून, चहा पाजून नाय चालत.’

सोळा वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले खरी. चैतालीला खोलीत बोलावून पाठीवर हात ठेवायचा, दोन गोड शब्द बोलायचे, इथपर्यंत माझी तयारी होती. नऊ पोरांसमोर म्हणजे फार झालं असं वाटत होतं.

गुरुवार आला. तीच खोली, तीच नऊ मुलं. चैताली सटाण्याहून परतली होती, हातावर मेंदी होती. कारभारी किटली घेऊन आले. मी उभी राहिले आणि सांगितलं की कोरी ट्यूब बिघडत होती ती धुतलेल्या प्लॅस्टिकमुळे. त्या ट्यूब धुण्याचा हुकूम माझा होता, लेखी होता, आणि तो मागे घ्यायला मी विसरले. कारभारींनी स्वतःहून येऊन सांगितलं नसतं तर मला अजून कळलं नसतं. चैतालीचं पेप्टाइड उत्तम आहे आणि तिचा हात स्वच्छ आहे. मी मागच्या महिन्यात जे बोलले ते चुकीचं होतं. विषय तिचाच आहे आणि तिचाच राहील.

‘मॅडम, मागे ऐकू येत नाहीये,’ कुणीतरी म्हणालं. माझ्या नोकरीत हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.

चैताली रडेल, निदान चकित होईल, असं मला वाटलं होतं. तिने टेबलाकडे बघत बोटाने मेंदीची एक खपली काढली. मग म्हणाली, ‘मॅडम, मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

तिने पिशवीतून एक फाइल काढली. पहिल्याच पानावर तोच प्रयोग होता जो मी सोमवारी केला होता. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. दहापट प्रथिन घातल्यावर कोरी ट्यूब वर येते हे तिला तेव्हाच दिसलं होतं. म्हणजे मामांनी दिलेल्या ट्यूब धुतलेल्या आहेत आणि त्यांत आपलंच पेप्टाइड उरलंय, हेही तिने ताडलं. मग तिने नव्या ट्यूबचा एक पुडा बाहेरून आणला, आपल्या पिशवीत ठेवला आणि सगळे प्रयोग त्यात पुन्हा केले. पुढची पानं आलेखांनी भरलेली होती. एकूणएक सरळ.

‘तीन आठवडे!’ मी म्हणाले. ‘मार्चची मुदत डोक्यावर होती, विषय जायची वेळ आली होती, मग बोलली का नाहीस?’

‘एप्रिलमध्ये मामांचा कागद निघाला की दाखवणार होते.’

‘आणि एप्रिलच्या आधी मी विषय काढून घेतला असता तर?’

तिने फाइल मिटून टेबलावर ठेवली.

किटली टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. कारभारींना चिडलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. ‘आगं पोरी, माझ्यापायी तू बोलनी खाल्ली? चार वरसाचं शिक्शान पनाला लावलं? तुला कोनी सांगितलं व्हतं? मला का नाय बोलली?’

‘तुम्ही लगेच मॅडमकडे गेला असता मामा.’

‘गेलो असतो! गेलोच की!’

पोरं हसली. चैतालीही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कारभारी खांद्यावरच्या फडक्याने उगाच टेबल पुसायला लागले. मला हसता आलं नाही. एकाने तिला वाचवायला आपली नोकरी पुढे केली होती, दुसरीने त्याला वाचवायला आपली पदवी. आणि दोघांनाही वाचायचं होतं ते माझ्यापासून.

‘मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?’ मी विचारलं. ‘कुणीतरी सांगा.’

नऊ मुलं वह्यांकडे बघत होती. हर्षलने पेनाचं टोपण काढून परत लावलं. शेवटी कारभारींनीच टेबल पुसायचं थांबवलं.

‘वरडला असता, मॅडम,’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. ‘तुमच्या मनात काय नसतं, ते म्या बघितलंय. पन वरडलं ना, का मानूस सांगाया आलेलं गिळून माघारी जातो.’

त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. माझ्या विभागात एक खरं उत्तर तीन आठवडे माझ्या हाकेच्या अंतरावर पडून होतं आणि माझ्या हाकेलाच भिऊन माझ्यापर्यंत येत नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण कुठल्या आवाजात बोलायचं ते समजेना. मी चैतालीची फाइल पुढे ओढली, तिला शेजारची खुर्ची दाखवली आणि म्हणाले, ‘पहिल्यापासून सांग. मी ऐकते.’